अनुक्रमांक सत्तेचाळीस: कबुतरे

मामांच्या कपाटात एक हिरवी फाइल आहे. घरी आलेला पाहुणा जरा ऐसपैस बसला, की मामी त्याला डोळ्यांनी खुणावते, की बाबा रे, तो विषय काढू नकोस. आणि पाहुणा नेमका तोच विषय काढतो. मग फाइल निघते, चष्मा पुसला जातो आणि मामीला चहाचं आधण दुसऱ्यांदा ठेवावं लागतं. फाइल जाडजूड आहे, कडांना पिवळी पडली आहे आणि तिला कार्बन पेपरचा वास आहे. त्या काळी कागदाच्या तीन प्रती हव्या असतील तर मध्ये दोन कार्बन घालून टंकलेखन यंत्रावर जोर काढावा लागायचा. तिसरी प्रत कुणालाच वाचता यायची नाही आणि कोर्ट नेमकी तीच ठेवून घ्यायचं.

मामा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत भांडारपाल होते. परीक्षानळ्या, तराजू, चिमटे, सूक्ष्मदर्शक, सगळं त्यांच्या ताब्यात. कॉलेजात प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद एका लांबलचक वहीत असते, तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. बाकीच्या कॉलेजांत ते रजिस्टर कपाटावर धूळ खात पडतं. मामा ते रोज सकाळी उघडायचे. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडून एक स्क्रूसुद्धा हरवला नव्हता. एकदा एक चिमटा कमी भरला, तर त्यांनी तीन दिवस जेवणात लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी तो चिमटा प्राचार्यांच्या खोलीत सापडला, प्राचार्य त्यानं नाकातले केस काढत होते. मामांनी तो तिथल्या तिथे जप्त केला आणि पोच लिहून दिली.

तर अशा माणसाच्या धाकट्या बहिणीचे सासरे वारले. ते चष्मे बनवायचे, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले आजोबा म्हणत. दोन खोल्यांचं घर, वर गच्ची, गच्चीवर जाळीचा मोठा पिंजरा आणि पिंजऱ्यात कबुतरं. मुलगा-सून वेगळ्या बिऱ्हाडात; मुलगा जहाजावर नोकरीला, सहा महिने पाण्यात आणि सहा महिने झोपेत. सून, म्हणजे मामांची बहीण, सही करायची म्हटली की हात कापणारी. तेव्हा आजोबांनी मृत्युपत्रात घर आणि घरातलं सगळं काही आपल्या अकरा वर्षांच्या नातीच्या नावे केलं आणि ती सज्ञान होईपर्यंत ते सांभाळायला नेमलं तिच्या मामाला. कारणही लिहून ठेवलं होतं: 'या गृहस्थाने माझ्याकडून नेलेली छत्री दुसऱ्या दिवशी वाळवून, घडी करून परत आणली व मजकडून पावती मागितली.'

हे वाक्य वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा मामांची छाती दोन इंच फुगली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची पारख केली होती. मामी मात्र म्हणाली, "कौतुक नाही केलेलं, गळ्यात लोढणं अडकवलंय. त्या छत्रीची पावती मागू नका म्हणून तेव्हाच सांगत होते मी."

वकील म्हणाले, घराचं वर्णन आणि ठळक सामानाची एक यादी कोर्टात द्यावी लागेल. ठळक म्हणजे काय, ते मामांनी विचारलं नाही. त्यांनी लागोपाठ तीन रविवार ते घर डोक्यावर घेतलं. भाचीनं पट्टी धरायची, मामांनी मोजायचं. 'खुर्ची, तीन पायांची, एक. खुर्चीचा चौथा पाय, सुटा, एक.' 'आरसा, तडा गेलेला, एक. तडा, उभा, सहा इंच.' एकशे बारा नोंदी झाल्या. दुसऱ्या रविवारी मामा गच्चीवर गेले, पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले आणि भाचीच्या मदतीनं पाच वेळा मोजून लिहिते झाले: 'अनुक्रमांक सत्तेचाळीस: कबुतरे, सव्वीस. अनुक्रमांक अठ्ठेचाळीस: पत्र्याचा डबा, दाण्यांचा, पोचे आलेला, एक.' आणि वकील बाहेरगावी होते म्हणून यादी स्वतःच कोर्टात नेऊन, शिक्का मारून घेऊन, पोच घेऊन घरी आले.

वकिलांनी नंतर प्रत पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे काय?"

"कबुतरं."

"दिसतंय मला. ती यादीत कशाला घातलीत?"

"घरात आहेत ना."

"घरात झुरळंही असतील!"

"ती मोजता आली नाहीत," मामा खरंखुरं म्हणाले.

मग वकिलांनी समजावून सांगितलं. यादीत एकदा आलं, की ते कोर्टाच्या दप्तरी अज्ञान मुलीची मालमत्ता म्हणून लागलं. कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, देऊन टाकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही. तुमच्या हलगर्जीपणानं काही कमी झालं, तर ते तुम्ही भरून द्यायचं. आणि मुलगी अठरा वर्षांची झाली, की पै न् पैचा, इथं पिसान् पिसाचा, हिशेब तिच्यापुढे ठेवायचा.

"अज्ञान?" भाची तिथंच बसली होती, ती फणकारली. "वर्गात तिसरी आलेय मी!"

"तो कायद्यातला शब्द आहे बाळ," वकील म्हणाले. पण ती काही केल्या ऐकेना. पुढे कित्येक महिने ती मामाला चिठ्ठी लिहायची ती 'तुझी अज्ञान भाची' अशी सही करून.

मामांचं धाबं दणाणलं होतंच. त्यात भर घातली आजोबांच्या घराशेजारच्या कंपाउंडरनं. कंपाउंडर निवृत्त होते आणि एका गटाराच्या भिंतीवरून त्यांचा स्वतःचा खटला अकरा वर्षं चालू होता, त्यामुळे आख्ख्या गल्लीत कायद्यातलं त्यांनाच कळतं असं सगळे मानत. ते मामांच्या घरी येऊन, मामांचीच बिस्किटं खात म्हणाले, "माझ्या साडूच्या ओळखीतल्या एका माणसानं पुतण्याची शिलाई मशीन सांभाळली होती. दहा वर्षं! पुतण्या मोठा झाला आणि म्हणाला, सुई कुठंय? झालं. बिचाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि तुमची तर जिवंत मालमत्ता. उडणारी!"

"उडणारी," मामा पुटपुटले.

त्याच दिवशी त्यांनी पिंजऱ्याला पितळी कुलूप घातलं. आजोबा रोज संध्याकाळी साडेपाचला पिंजऱ्याचं दार सताड उघडायचे. कबुतरं भर्रकन वर जायची, गल्लीवरून, पाण्याच्या टाकीवरून चार घिरट्या घालायची, आणि आजोबांनी डबा वाजवला की झाडून सगळी खाली उतरायची. ते सगळं बंद. उडालेलं कबूतर परत नाही आलं तर? आणि तो डबा, अठ्ठेचाळीस नंबरचा, तो तर आधीच पोचे आलेला. रोज दाणे घालून, वाजवून तो आणखी झिजणार. म्हणून मामांनी डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, कुलपावर कापडाची पट्टी बांधली आणि तिच्यावर कॉलेजात लावतात तसं लाखेचं सील लावलं. दाण्यांसाठी घरून प्लास्टिकची एक बरणी आणली. ती मामीची होती आणि मामीला न विचारता आणली होती. त्यावरून जे झालं ते फाइलीत नाही.

मंडळी, इथंपर्यंत ठीक होतं. पण कबुतरं ही परीक्षानळ्यांसारखी स्वस्थ बसत नाहीत. दोन महिन्यांनी मामा मोजायला गेले तर सव्वीस अधिक चार अंडी. मामा अंड्यांकडे बघत बसले. अंडं ही मालमत्ता की मालमत्तेचं उत्पन्न? कंपाउंडर म्हणाले उत्पन्न. वकील म्हणाले मला जेवू द्या. मामा कोर्टात गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट करून पाहिला, पेन कानावर ठेवलं आणि म्हणाला, "फुटेपर्यंत थांबा. फुटली की वाढ दाखवा."

"आणि नाही फुटली तर?"

"मग मामा, ऑम्लेट दाखवा," कारकून म्हणाला. मागच्या टेबलापर्यंत सगळे हसले. मामांनी त्या दिवशी घरी येऊन न जेवता 'कार्यालयीन शिष्टाचार' या विषयावर एक पत्र लिहिलं. मामीनं ते पाठवू दिलं नाही. तेही फाइलीत आहे.

अंडी फुटली. सव्वीसची तीस झाली. मामांनी वाढ दाखवली, पेढ्यांचा बेत मामीनं हाणून पाडला. आणि पंधरा दिवसांत एका मांजरानं जाळीतून पंजा घालून एक कबूतर मारलं. मामा हादरलेच. कारकुनाकडे गेले, तर तो म्हणाला, "कमी दाखवायचं तर दाखला हवा."

"कसला?"

"मृत्यूचा."

"कबुतराचा?"

"मी नाही यादीत घातलं त्याला," कारकून म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग मामा ते कबूतर बुटाच्या खोक्यात घालून, वर कोरा कागद पसरून, जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं एक गाय, दोन बकऱ्या आणि एक लंगडणारा कुत्रा, अशी त्यांच्या आधीची रांग. दीड तासानं नंबर लागला. डॉक्टरांनी खोकं उघडलं. "याला आता मी काय करू?"

"लिहून द्या फक्त. मेलंय म्हणून. आणि माझ्या हलगर्जीपणानं नाही मेलं म्हणून."

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी लिहून दिलं: 'सदर पक्षी मृत आहे. मांजर.' पुढे सही. हा दाखला फाइलीत आजही आहे आणि पाहुणे तो हातात घेऊन उजेडात धरून बघतात.

पुढच्याच महिन्यात मोजदाद पुन्हा तीस. एक परकं कबूतर, पोटापाण्यासाठी म्हणा किंवा सोयरिकीसाठी म्हणा, पिंजऱ्याच्या छतावर येऊन बसू लागलं होतं आणि मामांनी दाणे घालायला दार किलकिलं केलं तेव्हा खुशाल आत शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडचा गॅरेजवाला हाताला ग्रीस तसंच ठेवून दारात हजर. "आमचा पांढऱ्या शेपटीचा तुमच्याकडे आहे."

"पांढऱ्या शेपटीची आमच्याकडे सहा आहेत," मामा म्हणाले. "पुरावा?"

गॅरेजवाला चक्रावला. "पुरावा काय? बघितला की ओळखतो मी त्याला."

"तुम्ही ओळखता. कोर्ट ओळखतं का? मी तुम्हाला चुकीचं कबूतर दिलं, तर अज्ञान मुलीची मालमत्ता परस्पर दिल्याची जबाबदारी कुणाची? माझी."

शेवटी ओळख परेड झाली. भाचीला बोलावलं, सहाही पांढऱ्या शेपटीची कबुतरं वेगळी ठेवली, कंपाउंडर पंच म्हणून खुर्ची टाकून बसले. गॅरेजवाल्यानं लांबूनच एक शीळ घातली. पाच कबुतरं होती तिथंच राहिली आणि सहावं उडून त्याच्या खांद्यावर जाऊन बसलं. गॅरेजवाला त्याला घेऊन निघाला. मामा त्याच्यामागे पावती घेऊन जिन्यापर्यंत धावले. भाची त्या रिकाम्या जिन्याकडे बघत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "आपलीपण अशी येतील. सोड ना त्यांना."

"आणि एखादं नाही आलं तर?"

"आजोबांची यायची."

"आजोबांवर कोर्टाची जबाबदारी नव्हती, माझ्यावर आहे. तू अठरा वर्षांची झालीस की खुशाल सोड."

"तोवर ती उडायचं विसरतील!" तिचा आवाज चिरकला. "बघ की कशी झालीत. लठ्ठ. नुसती कोपऱ्यात बसतात. आजोबांनी तुला द्यायलाच नको होतं काही."

ती निघून गेली. दर रविवारी यायची, ती पुढचा रविवार आली नाही, त्याच्या पुढचाही नाही. 'तुझी अज्ञान भाची' अशी चिठ्ठीही नाही. मामांनी मामीला सांगून पाहिलं, की कायद्याचं बंधन असं असतं, लहान मुलांना ते कळत नाही. मामी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सात वर्षांनी यादी बरोबर भरेल हो तुमची. एकशे बाराच्या एकशे बारा. घ्यायला कोण येणार आहे ते बघा."

मामांना हे लागलं. खूप लागलं. त्यांच्या स्वतःच्या पोटी मूल नव्हतं. ही पोर चार वर्षांची असल्यापासून त्यांच्या पायावर उभी राहून चालायची, प्रयोगशाळेतली लिटमसची पट्टी निळ्याची लाल झाली की टाळ्या पिटायची. ती वस्तू नव्हती, तिची कुठे नोंद नव्हती, आणि मामांच्या लक्षात आलं की हरवत चाललीय ती नेमकी तीच. पण करायचं काय? मामांना एकच मार्ग माहीत होता. त्यांनी अर्ज लिहिला.

'विषय: अज्ञान मुलीच्या मालकीची कबुतरे दररोज सायंकाळी उडविण्यास परवानगी मिळणेबाबत.'

वकिलांनी हात जोडले. म्हणाले, मी यावर सही करणार नाही, मला अजून वकिली करायची आहे. मामांनी स्वतःच अर्ज दिला. कारकुनानं तो सगळ्या टेबलांवर फिरवला, मग त्रुटी काढल्या: कबुतरांचं वर्णन जोडा, गच्चीचा नकाशा जोडा, उड्डाणाचा मार्ग कळवा. मामांनी नकाशा काढून त्यावर पाण्याची टाकी आणि बाणाच्या खुणा दाखवल्या. शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं लिहून आणा. कंपाउंडरनं हरकत नाही असं लिहून द्यायला दोन पानं घेतली आणि त्यात स्वतःच्या गटाराचा उल्लेख घुसवला. असे तीन महिने गेले. शेवटी तारीख लागली आणि कोर्टानं मुलीलाही घेऊन यायला सांगितलं.

मामा इस्त्रीचा कोट घालून उभे राहिले. बहीण भाचीला घेऊन आली होती, भाची मामांकडे बघत नव्हती. न्यायाधीशबाई केस पिकलेल्या, आवाजानं मऊ. त्यांनी अर्ज वाचला, नकाशा वाचला, मांजराचा दाखला वाचला. तिथं थोडा वेळ रुमाल तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "तुम्हाला नक्की भीती कसली वाटते?"

"मॅडम, एखादं परत आलं नाही तर जबाबदार मी."

"कायदा एवढंच म्हणतो, की शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी सांभाळेल तशी ही सांभाळा. ही कबुतरं तुमची स्वतःची असती तर काय केलं असतंत?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "माझी असती तर मी पाळलीच नसती, मॅडम."

कोर्टात हशा पिकला. कारकून तर टेबलाखाली पेन शोधायला वाकला तो वर येईना. न्यायाधीशबाई भाचीकडे वळल्या. "तुला काय वाटतं गं?"

भाची उभी राहिली. "ती आजोबांच्या गच्चीवरची आहेत. सोडली तरी तिथलीच राहतील. मामाला वाटतं कुलूप आहे म्हणून ती तिथली आहेत."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मी परवानगी देत नाही आणि नाकारतही नाही. अशा गोष्टीला परवानगी लागतच नाही. मुलीचं भलं कशात आहे ते बघून तुम्हीच ठरवायचं. निर्णय तुमचा, आणि जबाबदारीही तुमची. पुढचं प्रकरण."

बाहेर आल्यावर मामा वऱ्हांड्यातल्या बाकावर बसले. तीन महिने, सात पूर्तता, एक नकाशा, आणि हातात काय पडलं, तर जबाबदारीच. ज्या गोष्टीवर आपल्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी सही करावी म्हणून एवढी धडपड केली, ती सही शेवटी त्यांच्यावरच आली होती. त्यांनी भाचीकडे पाहिलं. ती बुटाच्या टोकानं फरशीवरचा डाग घासत होती.

"साडेपाचला ये," मामा म्हणाले. "गच्चीवर."

त्या संध्याकाळी गच्चीवर मामा, मामी, भाची, तिची आई आणि न बोलावता आलेले कंपाउंडर. मामांनी पितळी कुलूप काढलं. दार उघडलं. कबुतरं जागची हलेनात. "बघा, घाबरतायत," कंपाउंडर म्हणाले. मग एक राखी मादी उंबऱ्यावर आली, तिनं मान वाकडी करून आभाळ बघितलं आणि झेप घेतली. तिच्यामागून सगळी. आधी जडजड, धापा टाकल्यासारखी, आणि मग एकदम सावरली. पाण्याच्या टाकीवरून वळली तेव्हा सगळ्यांच्या पंखांवर एकदम ऊन आलं. मामांनी नकाशात दाखवलेल्या बाणाच्या उलट दिशेनं ती गेली. भाची ओरडत होती, उड्या मारत होती आणि मामा तोंड उघडं टाकून बघत होते. मोजायचं राहूनच गेलं.

चार घिरट्या झाल्या. मामांनी प्लास्टिकची बरणी वाजवली. खुळखुळ. कबुतरं वरून गेली. पुन्हा वाजवली. पुन्हा वरून गेली. पाचवी घिरटी, सहावी, सातवी. थवा लांब लांब जायला लागला. ऊन उतरत होतं. मामांच्या कपाळावर घाम आला. एकोणतीस! एकदम एकोणतीस! ते बरणी दोन्ही हातांनी हलवत सुटले, झाकण उडालं, दाणे गच्चीभर सांडले.

"मामा, डबा!" भाची किंचाळली. "आजोबांचा डबा कुठाय? त्यांना तोच आवाज माहितेय!"

"तो... तो सीलबंद आहे. झिजू नये म्हणून."

"मामा!"

मामा जिना उतरले की कोसळले, ते त्यांनाही आठवत नाही. कपाटासमोर उभे राहिले. कापडी पट्टी, लाख, लाखेवर त्यांच्याच अंगठीचा ठसा. चोवीस वर्षांत त्यांनी पंचनाम्याशिवाय एकही सील तोडलं नव्हतं. दोन साक्षीदार लागतात, तारीख लागते, वेळ लागते. वरून मामीचा आवाज आला, "अहो, टाकीच्या पलीकडे गेली!" मामांनी सील दातांनी तोडलं.

डबा भाचीच्या हातात दिला. तिनं त्यात मूठभर दाणे टाकले, कडेला गेली आणि वाजवला. तीनदा पटपट, थांबून एकदा. पुन्हा तीनदा, थांबून एकदा. आजोबांची चालच ती. आणि टाकीमागून एक ठिपका आला, मग दहा, मग सगळा थवा, आणि फडफड, पिसं, धूळ, दाणे असं सगळं एकदम मामांच्या डोक्यावरून पिंजऱ्यात उतरलं. मामा तिथंच बसले आणि रडले. नंतर म्हणायचे, डोळ्यांत धूळ गेली. भाचीनं त्यांच्या कोटावरचं एक पीस काढलं आणि त्यांच्याच खिशात ठेवलं.

अठ्ठावीस आली होती. एक तांबूस नर आला नाही, तो कधीच आला नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी कोर्टाला कळवलं: 'एक कबूतर परत आले नाही. ते मी माझ्या निर्णयाने सोडले होते. जबाबदारी माझी.' दाखला वगैरे काही जोडला नाही. कारकुनानं कागद वाचला, मामांकडे पाहिलं आणि न हसता शिक्का मारला.

पुढे सहा वर्षं म्हणजे काय, बघता बघता गेली. रोज साडेपाच वाजता मामा त्या गच्चीवर. भाची शाळेतून थेट तिथं यायची, मग कॉलेजातून यायची, पिंजऱ्याला टेकून अभ्यास करायची. परीक्षेचे दिवस आले की मामा एकटेच डबा वाजवायचे. चाल त्यांना बरोबर जमत नसे, कबुतरं चालवून घ्यायची. कंपाउंडर येऊन बसायचे, गटाराचा खटला जिंकले त्या दिवशीही येऊन बसले आणि आता करायचं काय म्हणून उदास झाले. ते आता नाहीत. त्यांची खुर्ची गच्चीवर अजून आहे, तिची नोंद कुठेच नाही.

भाची अठरा वर्षांची झाली त्या दिवशी मामांनी यादीबरहुकूम सगळं तिच्या ताब्यात दिलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तीन पायांची खुर्ची, सुटा पाय, आरसा, तडा. अनुक्रमांक सत्तेचाळीस: सुरुवातीस सव्वीस, आजमितीस एकेचाळीस. तिनं प्रत्येक नोंदीपुढे खूण केली, शेवटी सही केली. या वेळी सहीआधी 'अज्ञान' लिहिलं नाही. पितळी कुलूप, किल्ली, डबा, सगळं दिलं. कोर्टानं मामांना जबाबदारीतून मुक्त केल्याचा कागद आला. मामांनी तो फाइलीत शेवटी लावला आणि फाइलीचा बंद आवळून बांधला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मामा उठले, चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत येऊन खुर्चीत बसले. परक्याच्या मालमत्तेत विनाकारण जायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी तसंच. मामी बघत होती. तिनं प्लास्टिकची बरणी धुऊन पुन्हा डाळ भरून ठेवली होती. ती तिनं उगाचच एकदा हलवली आणि मामांनी चटकन मान वर केली. मामीला इतकं वाईट वाटलं, की तिनं त्या दिवशी त्यांना एका शब्दानंही टोकलं नाही.

पाचव्या दिवशी भाची आली. हातात लिफाफा. टंकलेखन केलेला कागद, तीन प्रती, मध्ये कार्बन घालून काढलेल्या, बोटं निळी. मामांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

'विषय: कबुतरे उडविण्याबाबत. मी, सज्ञान भाची, माझ्या मालकीची कबुतरे दररोज सायंकाळी साडेपाच वाजता उडविण्यास माझ्या मामास कायमची परवानगी देत आहे. अनुक्रमांक अठ्ठेचाळीस, दाण्यांचा डबा, यासाठी वापरावा. झिजला तरी चालेल. एखादे कबूतर परत न आल्यास मामाने हिशेब देऊ नये. जबाबदारी माझी.'

'जबाबदारी माझी' हे मामांना मोठ्यानं वाचता आलं नाही. ते त्यांनी मनातच वाचलं, दोनदा. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "तारीख राहिलीय."

भाचीनं तारीख घातली. डबा तिनं पिशवीतून आणलाच होता.

तर ही ती हिरवी फाइल. भाची आता लांब असते, तिची स्वतःची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि सुटीत आली की पणजोबांचा डबा पणजोबांच्या चालीवर वाजवते. परवा एक पाहुणा सगळे कागद बघून झाल्यावर म्हणाला, "वा! आणि आता किती आहेत हो कबुतरं?"

घड्याळात साडेपाच व्हायला आले होते. मामांनी फाइल कपाटात ठेवली, डबा काखोटीला मारला, चपला घातल्या.

"असतील," मामा म्हणाले. "चाळीसेक."

आणि जिना उतरून गेले. पाहुण्याला यात काही विशेष वाटलं नाही. मामी मात्र दारात उभी राहून ते गल्लीच्या वळणाला लागेपर्यंत बघत राहिली.